पाखरांची मूठ

पेरणी उरकून घरी गेलेल्या बाईला दुसऱ्या दिवशी सकाळीच शेतात यायचं तसं काही कारण नसतं. पण भिमाबाईला कारण होतं, आणि ते कारण काळ्या रंगाचं होतं.

धरणावर दर हिवाळ्यात पट्टकादंब उतरतात. पुस्तकातलं हे नाव गावात कुणी घेत नाही, सगळे सरळ हंस म्हणतात. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, भारी शरीर, आणि आवाज असा की पलीकडच्या काठावरूनही ऐकू यावा. या वर्षी त्या दोन-अडीचशे पाखरांत एक भलतंच निघालं. बाकीच्यांपेक्षा ठेंगणं, मान आणि डोकं काळंकुळकुळीत, आणि गळ्याला पांढरी रेघ. बुलढाण्याहून पाखरांचा अभ्यास करणाऱ्या प्रेरणा मॅडम दुर्बीण घेऊन आल्या. तासभर त्यांनी दुर्बीण डोळ्यावरून काढली नाही आणि मग होत्या तिथंच मातीत बसल्या. हे पाखरू समुद्राकाठचं, म्हणाल्या. लांब उत्तरेतल्या थंड समुद्राच्या किनाऱ्यावर राहतं, तिथल्या पाण्यातलं गवत खातं. वाट चुकून कुठंतरी या कळपात मिसळलं आणि त्यांच्याबरोबर इथवर आलं असणार. आपल्याकडं ते दिसणं म्हणजे आयुष्यात एकदा.

भिमाबाईनं समुद्र पाहिलेला नव्हता. तिनं विचारलं, "आपल्या धरणापेक्षा मोठा असन?" मॅडम हसल्या नाहीत, हे तिला आवडलं.

मग ग्रामसभा झाली. वनरक्षकानं उभं राहून सांगितलं की या पाखराला कुणी मारलं तर तीन ते सात वर्षं आत. राखण कोण करणार हा प्रश्न आला, तेव्हा सगळ्यांनी भिमाबाईकडं बोट केलं. कारण साधं होतं. धरणाचं पाणी हटलं की जी काळी ओली जमीन उघडी पडते, तिच्यात लोक हरभरा-गहू टोकतात. त्याला गाळपेर म्हणतात. भिमाबाईची पट्टी अगदी पाण्याला लागून होती, आणि पाखरं तिला बुजत नव्हती. तिला एक हिरवी टोपी मिळाली. ती भिमाबाई पदरावरून घालायची. सून प्रतीक्षा हसून लोटपोट झाली, पण साठीच्या बाईला पहिल्यांदाच कुणी काही सोपवलं होतं, ती कशाला टोपी काढते! खामगावहून, जळगाव जामोदहून हातभर लांब कॅमेरे घेऊन माणसं यायची आणि भिमाबाई काठी आपटून त्यांना ओरडायची, "मांगं व्हा बे! फोटू काढा, पण मांगून काढा!"

काळ्या पाखराला ती पाहुणी म्हणायची. पाहुणी चरत चरत तिच्यापासून दहा पावलांवर यायची. भिमाबाई मग हात थांबवून, श्वास धरून, होती तशी बसून राहायची. मॅडमचं म्हणणं, पाखरू तिला ओळखत नाही, तिच्या आसपास दुसरी माणसं फिरकत नाहीत एवढंच त्याला कळलंय. भिमाबाईचं म्हणणं, मॅडमला दुर्बिणीतून सगळंच दिसतं असं नाही.

तर त्या दिवशी सकाळी ती आली तेव्हा पाण्यावर दाट धुकं होतं. कळप पलीकडं कुठंतरी होता, नुसता आवाज येत होता. ऊन तापलं की नवाच्या सुमारास ते या काठाला चरायला येत. भिमाबाई आपल्या पट्टीच्या टोकाशी पोचली आणि तिच्या पायाला काहीतरी मऊ लागलं.

पारवा होता. मेलेला. हातभर अंतरावर दुसरा.

कुत्र्यानं धरला म्हणावं तर पीस विस्कटलेलं नव्हतं. तिनं काठीनं तो उलटा केला. त्याची चोच गुलाबी होती.

भिमाबाईनं दुसराही उलटा केला, त्याचीही गुलाबीच. 

चाळीस वर्षांपूर्वी नवी सून म्हणून ती पहिल्यांदा या काठावर पेरायला आली, तेव्हा सासूनं शिकवलं होतं: पहिली मूठ पाखरांची. टोकायला सुरुवात करायच्या आधी एक मूठ बी पाण्याच्या कडेला उधळायचं, आणि मागं वळून पाहायचं नाही, म्हणजे पाखरांना लाजल्यासारखं होत नाही. चाळीस वर्षांत एकदाही ही मूठ चुकली नव्हती. तेव्हा बी घरचं असायचं, राखेत घोळून मडक्यात ठेवलेलं. या वर्षी मात्र हरिओमनं, तिच्या मुलानं, खामगावहून हरभऱ्याचं पिशवीतलं बी आणलं. गेल्या साली रोपं कातरणाऱ्या अळीनं निम्मी पट्टी साफ केली होती, म्हणून त्यानं त्या बियाला वरून आणखी औषध चोळलं. दाणे गुलाबी झाले. पोरगा काळजीचा. त्यानं आईला बजावलं, "हाताले प्लास्टिकची पिशवी बांध, अन् हात धुतल्याबगर तोंडाले लावू नको."

तिनं पिशवी बांधली. काल दुपार कलल्यावर टोकायला सुरुवात करताना, त्याच पिशवी बांधलेल्या हातानं, तिनं पहिली मूठ पाखरांना टाकली आणि सासूनं सांगितल्याप्रमाणे मागं वळून पाहिलं नाही. टोकलेलं बी मातीआड गेलं होतं. ही मूठ तेवढी उघड्यावर होती.

विषाची मूठ! आपला हात झाकून घेतला आणि त्यांना टाकली. असं बाईच्या मनात आलं. अकलेनं इतकी साधी गोष्ट कशी सुचवली नाही, हे तिला काही केल्या कळेना. चाळीस वर्षांची सवय हाताला होती, डोक्याला विचारलंच कोणी होतं?

फोन कमरेला होता. मॅडमचा नंबर एक दाबला की लागायचा. तिनं फोन बाहेर काढला आणि परत खोचला. तीन ते सात वर्षं. बी कुणी आणलं? हरिओमनं. औषध कुणी चोळलं? हरिओमनं. तिला ग्रामसभेतला वनरक्षकाचा वर केलेला हात दिसायला लागला. आधी दाणे, ती स्वतःशी म्हणाली. दाणे उचलू, मग बघू.

गुडघ्यांवर बसून ती वेचायला लागली. ओल्या गाळात दाणे अर्धे रुतलेले, काही गवताच्या मुळाशी, काही म्हशींच्या खुरांच्या खड्ड्यांत पाण्याखाली. ठेवायला काही नव्हतं म्हणून तिनं डोक्यावरची टोपी काढली आणि तीत दाणे टाकू लागली. पलीकडं धुक्यात एक हंस ओरडला.  ती आणखी भराभर वेचायला लागली.

"काय हरपलं काकू?"

सईद होता. त्याची कांद्याची पट्टी तिच्या शेजारी. मूळचा देऊळघाटचा, लग्नानंतर सासरच्या गावात राहिलेला, पंचेचाळिशीचा, गरीब स्वभावाचा माणूस.

"कानातलं," भिमाबाई म्हणाली. खोटं इतकं पटकन तोंडात आलं की तिचं तिलाच भ्या वाटलं. टोपी तिनं पदराखाली सरकवली.

"सोन्याचं?"

"हाव."

"अरे बाप रे!" असं म्हणून सईद तिच्या शेजारी गुडघ्यांवर बसलासुद्धा. गाळ बोटांनी चाळायला लागला. त्याला एक गुलाबी दाणा सापडला, तो त्यानं बाजूला टाकला. आणखी एक सापडला, तोही टाकला. भिमाबाई तो दाणा कुठं पडतो तिकडं डोळे लावून बसली.  पाच-सात मिनिटं गेली. सईदनं कंबर सरळ केली, खिशातून डबी काढली, तळहातावर तंबाखू घेतली, वर चुना लावला आणि अंगठ्यानं मळायला लागला. अंगठ्याला गुलाबी रंग लागलेला होता.

चिमूट ओठाशी गेली, आणि भिमाबाईनं झेप घेऊन त्याच्या हातावर फटका मारला. डबी उडाली.

"थुक! थुक आधी!"

"अजून घातलीच कुठी? काय झालं काकू, येड लागलं काय तुमाले?"

मग तिला सांगावंच लागलं. रडत, अडखळत, पण सगळं सांगितलं. टोपी दाखवली, पारवे दाखवले. सईद ऐकत होता आणि आपल्या हाताकडं बघत होता. तो धुवायला पाण्याकडं निघाला तशी ती किंचाळली, "धरणात नको!" मग त्यानं बाटलीतलं प्यायचं पाणी ओतून, माती लावून, कोपरापर्यंत हात घासले. तीनदा घासले. तंबाखूची डबी उचलली, पाहिली आणि फेकून दिली.

"मॅडमले फोन लावा," तो म्हणाला.

"हरिओमले धरून नेतील."

 सईदनं भाकरीची प्लास्टिकची पिशवी फाडून दोन तुकडे केले, एक तिच्या हाताला बांधला, एक आपल्या. आणि दोघं वेचायला बसली.

धुकं पातळ होत होतं. पाण्याचा एक पट्टा दिसायला लागला, मग त्यावरचे काळे ठिपके. भिमाबाईच्या डोक्यात एक हिशोब सुरू झाला आणि तो काही केल्या थांबेना. उरलेल्या बियाण्याची पिशवी पट्टीच्या कडेला दगडाखाली होती. तिनं त्यातून बरोबर कालच्यासारखी एक मूठ घेतली आणि दाणे मोजले. एकशे त्र्याऐंशी. पुन्हा एक मूठ घेतली. एकशे शहात्तर. टोपीत होते एकशे एकोणपन्नास. मग पिशवी बांधलेल्या बोटांनी तिनं पारव्यांच्या गळ्याखाली दाबून पाहिलं. कातडीखाली दाणे हाताला लागत होते. एकात नऊ, दुसऱ्यात अकरा. म्हणजे एकशे एकोणसत्तर.

"सात राह्यले," ती म्हणाली. "नाई तं चवदा."

"एका हंसाले किती लागतात?"

हे तिला कोण सांगणार होतं! ती पुन्हा गवताची मुळं चाचपायला लागली.

आणि तेव्हाच कळप उठला. धुक्यातून आधी आवाज आला, मग पंखांची सळसळ, मग ती सगळी पाखरं रांगा धरून थेट या काठाकडं यायला लागली. रोज हा देखावा पाहताना भिमाबाईचा ऊर भरून यायचा. आज तिला घाम फुटला. सईदनं आपली बादली उचलली आणि दगडानं बडवत, ओरडत तो काठानं धावला. पुढची रांग बिचकली, वळली. तिच्यामागून सगळा कळप वळला आणि धरणाच्या मधोमध जाऊन पाण्यावर टेकला.

एक सोडून. पाहुणी उथळ पाण्यात उतरली होती. भिमाबाईच्या समोर, वीसेक पावलांवर. तिला सईदच्या बादलीचं काही नव्हतं. रोजची जागा, रोजची बाई. ती चिखलातून चालत वर यायला लागली, वाटेत गवत टोचत.

भिमाबाई नेहमीप्रमाणे हात थांबवून, श्वास धरून निश्चल झाली. अंगाला तेवढंच ठाऊक होतं. पाखराला बुजवायचं नाही. महिनाभर ती हेच तर करत आली होती. पंधरा पावलं. बारा. पाहुणीची मान खाली गेली, चोच गवताच्या मुळाशी काहीतरी चाचपायला लागली.

"हाऽऽड!"

तो आवाज आपला आहे हे भिमाबाईला आधी कळलं नाही. ती उठली आणि हात हलवत पुढं धावली. पाहुणी दोन पावलं मागं सरली आणि उभी राहिली. मान वाकडी करून बघत राहिली. भिमाबाईनं ढेकूळ उचलून फेकलं, ते बाजूला पडलं. दुसरं फेकलं. पाखरू पळत नव्हतं. तिचा विश्वास, तिचा तो मेला विश्वास! भिमाबाई रडत होती आणि शिव्या देत होती. तिनं काठी उचलली आणि सगळा जोर लावून फेकली. काठी फिरत गेली आणि पाहुणीच्या पंखावर बसली.

पाहुणी घोगरं ओरडली. चिखलात कलंडली, उठली, पाण्यावरून फडफडत धावली आणि एका अंगाला झुकत उडून गेली.

"भिमाबाई!"

बांधावर प्रेरणा मॅडम उभ्या होत्या. बरोबर खामगावचे दोन पाहुणे, त्यातल्या एकाचा कॅमेरा चालू. मॅडमचा चेहरा पांढरा पडला होता. "तुम्ही?" एवढंच त्या म्हणाल्या. कॅमेरावाला मात्र बोलला, "राखणदारच मारून राह्यली! हे सगळं रेकॉर्ड झालं हाय."

सईद धापा टाकत आला. त्यानं एकदा भिमाबाईकडं पाहिलं आणि मॅडमकडं वळला. "मॅडम, काकूचं सोन्याचं कानातलं पडलं इथी. पाखरू टोचत होतं, गिळलं असतं म्हणून..."

गरीब माणसानं तिला वाट काढून दिली होती. चांगली, सोपी वाट. हरिओम घरी राहिला असता, टोपी डोक्यावर राहिली असती. आणि ते सात दाणे, नाही तर चौदा, तसेच गवतात राहिले असते. उद्या सकाळी ऊन तापलं असतं आणि कळप आला असता.

"खोटं बोलते तो," भिमाबाई म्हणाली. "माह्यासाठी बोलते." तिनं हिरवी टोपी दोन्ही हातांनी पुढं केली. "हे पाहा. औषधाचं बी हाय. पाखराची मूठ म्हणून काल म्या टाकलं. पोरानं मले सांगतलं होतं हे जहर हाय म्हणून. त्याचं नाव लिहू नका, माहं लिव्हा. सात दाणे राह्यले, मॅडम. नाई तं चवदा. पाहुणीनं खाल्ले का नाई, मले नाई माहीत."

मॅडमनी टोपीत पाहिलं, पारव्यांकडं पाहिलं. मग बूट काढले आणि गाळात उतरल्या. कॅमेरावाल्यानंही कॅमेरा बंद केला.

दुपारपर्यंत ती सगळी जागा मातीसकट खरवडून पोत्यांत भरली. नऊ दाणे सापडले. आता सातांच्या हिशोबानं दोन जास्त आणि चौदांच्या हिशोबानं पाच कमी. वनरक्षक आला, त्यानं कागद केला, भिमाबाईनं सही केली. त्या कागदाचं पुढं काय होणार ते त्यानं सांगितलं नाही. हरिओम बांधावर उकिडवा बसून होता. मायलेकांनी एकमेकांकडं पाहिलं नाही. "आजचा दिवस आणि रात्र गेली पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "खाल्लं असेल तर तेवढ्यात कळेल."

घरी कुणी नीट जेवलं नाही. प्रतीक्षानं सासूच्या हातावर चार वेळा साबण घातला आणि एकदाही हसली नाही.

सकाळी धुकं नव्हतं. मॅडम आधीच येऊन बसल्या होत्या, दुर्बीण पलीकडच्या काठावर रोखलेली. कळप वर माळाला चरायला गेला होता. काठावर एकटी पाहुणी राहिली होती.

"बसलीय," मॅडम हळू म्हणाल्या. "मान पाठीत खुपसून. मी आल्यापासून हललेली नाही. झोपलीय की..." त्यांनी दुर्बीण खाली घेतली. "होडी नेली तर घाबरून दगावेल. थांबू या."

"मले जाऊ द्या," भिमाबाई म्हणाली.

धरणाला वळसा घालून जायला तिला पाऊण तास लागला. टोपी नव्हती, नुसता पदर. हातात तीच काठी. वाटेत तिनं काय नवस बोलला आणि कुणाला बोलला, ते तिलाही पुढं आठवलं नाही. पलीकडच्या काठाला पोचली तेव्हा ते काळं गाठोडं तिच्यापासून साठ पावलांवर होतं.

पन्नास. हललं नाही.

चाळीस. वाऱ्यानं पाठीवरचं एक पीस उभं राहिलं आणि पडलं. पारव्याचंही असंच झालं होतं, काठीनं उलटा करताना.  तीस पावलांवर तिचे पाय थांबले. पुढं जाऊन ती चोच बघायची तिची छाती नव्हती. एवढे दिवस ती हात थांबवून, श्वास धरून बसायची. आज तिनं उलटं केलं. काठी डोक्यावर उचलली, जितकी उंच जाईल तितकी, आणि ओरडली.

काळी मान वर आली. पांढरी रेघ चमकली. पाहुणीनं क्षणभर पाहिलं, बाई ओळखली, काठी ओळखली. आणि जीव खाऊन उडाली. पंख जरा वाकडा पडत होता, पण उडाली, भिमाबाईच्या अंगावरून नाही, तिच्यापासून लांब, पाण्याच्या पार मधोमध.

भिमाबाई मटकन खाली बसली. पलीकडून मॅडम दोन्ही हात हलवून काहीतरी विचारत होत्या. तिनं डोळे पुसले, तोंडाभोवती हात धरले आणि सगळ्या धरणाला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडली,

"भेली, मॅडम! मले पाहून भेली!"